कावीळ झाली म्हणतात, पण कुठली? (पाण्यातून येणारी, रक्तातून येणारी, आणि आमच्या गल्लीतली)

नदीकाठची (धागाकर्ती)

आमच्या गल्लीत जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून कावीळ आहे. आधी गिरणीवाल्यांचा मुलगा, मग समोरचे दोघे भाऊ, मग आमच्या घरात वहिनी. वहिनीला सातवा संपत आला होता. मळमळ, फोडणीचा वास नकोसा, अंग मोडून आलेलं. दिवस भरत आले की असं होतंच, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही. लघवी काळ्या चहासारखी होतेय हे तिनं मला एकटीला सांगितलं. डोळे पिवळे दिसले त्या दिवशी आईनं शेजारच्या गावाला कावीळ उतरवायची माळ आणायला माणूस पाठवला. माळेत चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दुपारी हाक मारली तर ती वेगळंच काहीतरी बोलायला लागली. तेव्हा कुठे गाडी केली.

वहिनी वाचली. बाळ राहिलं नाही.

हे लिहायला बसायला मला पंधरा दिवस लागले. दवाखान्यात अतिदक्षता विभागाच्या दारात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "ए आहे की ई, तपासलंय का?" मला प्रश्नच कळला नाही. आमच्याकडे कावीळ म्हणजे कावीळ. फार तर साधी कावीळ आणि पांढरी कावीळ. गेल्या दोन आठवड्यांत त्यांना विचारून आणि वाचून जे समजलं ते इथे मांडते. चुकलं तर जाणकारांनी दुरुस्त करावं.

कावीळ हा आजार नाही, ती खूण आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी जुन्या होऊन मोडतात, त्यातून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य निघतं आणि यकृत ते पित्तातून बाहेर टाकतं. यकृताला सूज आली की ते रक्तात साठतं, डोळ्यांत आणि लघवीत उतरतं. पित्तनलिकेत खडा अडकला तरी माणूस पिवळा दिसतो, पावसाळ्यातल्या लेप्टोतही दिसतो. म्हणून नुसतं "कावीळ झाली" म्हणणं म्हणजे "ताप आला" म्हणण्यासारखं. ताप कशाचा, ते पुढे विचारायलाच हवं.

यकृताला सूज आणणारे मुख्य विषाणू पाच: हिपॅटायटिस ए, बी, सी, डी, ई. नावं ओळीनं आहेत म्हणून ती एका घरची भावंडं वाटतात, पण तसं नाही. ए आणि ई तोंडावाटे शिरतात. स्पष्टच लिहिते: एकाच्या विष्ठेतला विषाणू दुसऱ्याच्या पिण्याच्या पाण्यात किंवा अन्नात जातो. बी, सी आणि डी रक्तातून आणि शरीरातल्या द्रवांतून जातात. डी तर बीचा आधार असल्याशिवाय वाढूच शकत नाही.

वहिनीचा अहवाल आला. ई. एरवी धडधाकट माणूस या आजारातून बहुतेक वेळा आपोआप बरा होतो. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत गाठलं तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावू शकतात. हा आकडा आमच्या गल्लीत एकाही बाईला माहीत नव्हता. धागा काढायचं कारण एवढंच.

माजघर

ताई, वाचून पोटात कालवलं. वहिनींना जपा.

एक विचारते. आमच्याकडे भाच्याला कावीळ झाली तेव्हा सासूबाईंनी त्याचं ताट-वाटी वेगळं केलं, अंथरूण पडवीत घातलं. ते बरोबर होतं का? आणि जेवणात तेल, तूप, हळद सगळं बंद. महिनाभर पोरगं उकडलेल्या भाजीवर होतं.

टेस्टट्यूब

बावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, तेव्हा औषधाचं बोलणार नाही, तपासणीचं आणि पसरण्याचं बोलतो.

माजघरताई, भाच्याला ए असेल (लहान मुलांत बहुधा तोच असतो), तर शौचानंतर साबणानं हात धुणं हे ताट वेगळं करण्यापेक्षा शंभर पटींनी महत्त्वाचं. ए घरातल्या घरात सहज पसरतो. अडचण अशी, की तो सर्वांत जास्त बाहेर पडतो डोळे पिवळे होण्याच्या आधीच्या एक-दोन आठवड्यांत. तुम्ही अंथरूण पडवीत घालता तोवर निम्मं काम झालेलं असतं. ई त्या मानानं माणसाकडून माणसाकडे कमी जातो. एका गल्लीत ईचे दहा रुग्ण निघाले तर एकमेकांकडे बघू नका, नळाकडे बघा.

हळद बंद करण्यामागे पिवळ्यानं पिवळं वाढेल एवढीच समजूत आहे. पचेल ते, भूक लागेल तेव्हा, थोडं थोडं द्यावं. दारू मात्र पूर्ण बंद. आणि कुठलंही औषध, अगदी तापाची साधी गोळीसुद्धा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कारण ती पचवायचं कामही सुजलेल्या यकृताकडेच जातं.

आता तपासणी. लोक येतात आणि "कावीळ चेक करा" म्हणतात. आम्ही बिलिरुबिन आणि एसजीपीटी करून देतो. त्यातून यकृत किती बिघडलंय ते कळतं, कुणी बिघडवलं ते कळत नाही. त्यासाठी ए आणि ईच्या आयजीएम तपासण्या वेगळ्या असतात, बीसाठी एचबीएसएजी, सीसाठी अँटी-एचसीव्ही. त्या डॉक्टरांनी लिहून द्याव्या लागतात, आणि पुष्कळदा लिहिल्याच जात नाहीत, कारण "आठ दिवसांत उतरेल". गरोदर बाईच्या बाबतीत तरी असं चालू नये. आणखी एक: बिलिरुबिनचा आकडा मोठा म्हणजे धोका मोठा, असं दरवेळी नसतं. रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी, म्हणजे पीटी-आयएनआर, यकृत हात टेकतंय का ते आधी सांगते. आणि ताईंनी लिहिलंय तसं वेगळंच बोलणं, गुंगी, दिवसा झोप आणि रात्री जाग, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, यातलं काहीही दिसलं तर त्याच तासाला मोठा दवाखाना.

रानवेडा

सगळं मान्य. तरीही माळेला एकदम वेडगळ ठरवू नका. माझे आजोबा कावीळ उतरवायचे, पैसा घेत नसत. पहाटे लोक यायचे, चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं पडायचं. माळ दिवसागणिक लांब व्हायची, डोक्यावरून घातलेली बेंबीपर्यंत यायची. माणसं बरी झालेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. आजोबांना फसवाफसवी माहीत नव्हती.

नदीकाठची

रानवेडा, तुमच्या आजोबांबद्दल मनात आदरच आहे. माझ्या आईनं माळ आणवली ती सुनेच्या मायेपोटीच. माणसं बरी झाली हेही खरं. पण ए आणि ई या दोन्हींत बहुतेक माणसं चार-सहा आठवड्यांत आपली आपणच बरी होतात. त्या दिवसांत गळ्यात जे असेल त्याला यश मिळतं. जी बरी होत नाहीत ती परत माळ दाखवायला येत नाहीत, म्हणून ती आजोबांना दिसली नसतील.

माळ का लांबते ते मी घरात पडलेल्या माळेवरच पाहिलं. ओल्या काड्यांचे बारके तुकडे दोऱ्याच्या सैल गाठींत अडकवलेले असतात. काड्या वाळतात, आकसतात, गाठी सरकतात आणि दोरा मोकळा होतो. मी ती माळ आठवडाभर खुंटीला टांगून ठेवली. खुंटीवरही ती लांबली.

चिंचेखालची शाळा

चुन्याच्या पाण्याचं मी सांगतो. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या शिबिरात आम्ही मुलांना हे करून दाखवत असू. आंब्याच्या सालीचा रस हाताला चोळायचा आणि हात चुन्याच्या निवळीत धुवायचे. पाणी पिवळं होतं. निरोगी माणसाचंही होतं. आजोबांना ते ठाऊक नसेलही, त्यांना जसं शिकवलं तसं ते करत असतील.

माळेनं निदान इजा तरी होत नाही. आमच्या भागात तापलेल्या सळीनं किंवा बिब्ब्यानं डाग देतात, तान्ह्या बाळांनासुद्धा. नाकात देवडांगरीचे थेंब सोडतात, मग नाकातून पिवळं पाणी गळतं आणि "कावीळ बाहेर पडली" म्हणतात. ते नाकाच्या आतल्या नाजूक त्वचेची आग झाल्यानं येणारं पाणी असतं. हे कुणी करत असेल तर हात धरून थांबवा.

जुना ग्रामसेवक

नळाकडे बघा असं टेस्टट्यूब म्हणाले, म्हणून लिहितोय. नोकरीची एकतीस वर्षं पाण्याच्या टाक्या, व्हॉल्व्ह आणि टीसीएल (ब्लीचिंग) पावडर यांतच गेली.

आपल्याकडे पाणी दिवसाआड, काही ठिकाणी चार-पाच दिवसांनी येतं. पाणी चालू असताना नळीत दाब असतो, गळती असेल तर पाणी बाहेर जातं. पाणी बंद झालं की नळी रिकामी होते, आत ओढ तयार होते आणि त्याच गळतीतून बाहेरचं आत येतं. नळी गटारातून किंवा गटाराशेजारून गेलेली असेल तर आत काय येतं ते सांगायला नको. पुन्हा पाणी सुटलं की पहिल्या झटक्यात ते शेवटच्या घरांत पोचतं. जिथे लोक मोटर लावून खेचतात तिथे ही ओढ आणखी वाढते. म्हणून टाकीतला नमुना पास होतो आणि टोकाच्या गल्लीत कावीळ निघते. अधिकारी टाकीचा अहवाल दाखवतात, तो खोटा नसतो. नमुना चुकीच्या जागी घेतलेला असतो.

मोठ्या शहरांतही हेच झालंय. १९५५ सालच्या शेवटी दिल्लीत यमुनेला पूर आला, पात्र सरकलं आणि नजफगढ नाल्याचं सांडपाणी वजिराबादला, जिथून शहराचं पाणी उचलतात तिथे शिरलं. जलशुद्धीकरणवाल्यांच्या लक्षात आलं, त्यांनी क्लोरीन वाढवलं. त्यामुळे टायफॉइडची साथ आली नाही. पण काही आठवड्यांत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. जंतू मरतील एवढं क्लोरीन त्या गढूळ पाण्यातल्या विषाणूला पुरलं नाही. आमच्या प्रशिक्षणात हे उदाहरण द्यायचे, ते कायम डोक्यात राहिलं. पाणी गढूळ असेल तर आधी गाळणं, मग टीसीएल, मग निदान अर्धा तास थांबणं.

आणि आपलं इचलकरंजी. २०१२ साली पंचगंगेकाठच्या त्या शहरात ईचीच साथ होती, मृत्यूही झाले. जवळची गावं तेव्हा हादरली होती. चार उन्हाळे गेले की विसर पडतो.

गावात काय करता येतं ते लिहितो. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो. त्याच्याकडे ओटी टेस्टची बाटली असते. नळाच्या पाण्यात थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं, नसेल तर पांढरंच राहतं. मिनिटाचं काम आहे. ते टाकीशी नको, टोकाच्या नळाशी करायला सांगा आणि स्वतः उभे राहा. पाणी स्रोताच्या सर्वेक्षणानंतर गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. तुमच्या गावाचं कुठलं आहे ते विचारा. ग्रामसभेत विचारा, म्हणजे वहीत नोंद होते.

नदीकाठची

काका, तुमचा प्रतिसाद रात्री भावाला वाचून दाखवला. आमचं घर गल्लीचं शेवटून दुसरं. गिरणीवाल्यांचं शेवटचं.

मेच्या मध्यावर गटाराचं काम काढलं होतं, तेव्हा दोन-तीन वेळा पाण्याला वास आला. आम्ही पहिली घागर ओतून दिली आणि पुढचं भरलं. कावीळ निघाली जूनच्या शेवटी. एवढ्या दिवसांचा फरक असू शकतो?

टेस्टट्यूब

असतो, आणि त्यामुळेच साथीचं मूळ सापडत नाही. ई शरीरात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात, साधारण चाळीस दिवस धरा. एला दोन ते चार आठवडे, कधी जास्त. बीला तर एक ते सहा महिने. माणसं आजारी पडतात तेव्हा पाणी पुन्हा स्वच्छ झालेलं असतं, नमुना चांगला येतो आणि फाइल बंद होते. तुम्ही गटाराच्या कामाची तारीख लिहून ठेवा, प्रत्येक रुग्णाची सुरुवातीची तारीख लिहा आणि आरोग्य केंद्रात द्या.

दिल्लीचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. ती साथ एची असं वीस-पंचवीस वर्षं सगळे धरून चालले होते. १९८० साली जपून ठेवलेले रक्तनमुने तपासले तेव्हा कळलं की तो ए नव्हताच. त्या कामात आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे लोक होते. त्याच सुमारास काश्मीरमध्ये डॉ. मोहम्मद सुलतान खुरू १९७८च्या साथीच्या मागे गावोगाव फिरत होते. गरोदर बायका जास्त दगावताहेत हे त्यांनी नोंदवलं. मग १९८३ साली मॉस्कोतले मिखाईल बालयान. त्यांनी अफगाणिस्तानातल्या आजारी सोव्हिएत सैनिकांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्यायला, स्वतःला कावीळ करून घेतली आणि स्वतःच्या नमुन्यात विषाणू शोधला. एवढ्या उशिरा ओळख पटलेला हा आजार आहे. म्हणून आपल्या आज्यांच्या शब्दांत त्याला वेगळं नाव नाही.

अनामिक१९

आयडी नवा आहे, कारण ओळखीचे लोक इथे आहेत.

मी बी पॉझिटिव्ह. रक्तगट नव्हे, हिपॅटायटिस बी. पहिल्या बाळंतपणाच्या तपासण्यांत कळलं. मला कधी कावीळ झाली नव्हती, काही त्रासही नव्हता. सासरी अहवाल कळला त्या दिवसापासून माझा कप वेगळा झाला. हिला हे कुठून आलं, असं नणंदेनं माझ्यासमोर विचारलं. त्या प्रश्नाचा अर्थ मला कळत होता. नवऱ्याची तपासणी निगेटिव्ह आली, तेव्हा तर तो अर्थ आणखी जड झाला.

शेवटी डॉक्टरांनी माझ्या आईची तपासणी करून घेतली. आई पॉझिटिव्ह निघाली. म्हणजे मी जन्मले तेव्हापासूनच हे माझ्यात होतं. नणंदेला हे कुणी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. माझा कप अजून वेगळाच आहे.

बाळाला जन्मल्यावर बारा तासांच्या आत दोन इंजेक्शनं दिली, एक लस आणि एक इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं). मला शेवटच्या महिन्यांत गोळी चालू होती. पुढचे डोस वेळेवर घेतले. वर्षानंतर मुलीची तपासणी निगेटिव्ह आली. तो कागद मी कपाटात मंगळसूत्राच्या डबीत ठेवला आहे.

टेस्टट्यूब

ताई, कप वेगळा ठेवण्याची काडीचीही गरज नाही. एका ताटात जेवल्यानं, मिठी मारल्यानं, शिंकल्यानं बी पसरत नाही. अंगावर पाजतानाही अडचण नाही. हे नणंदबाईंना दाखवायचं असेल तर खुशाल दाखवा.

बी जातो आईकडून बाळाला जन्माच्या वेळी, असुरक्षित संबंधांतून, दुसऱ्याला वापरलेल्या सुईतून, एकच वस्तरा किंवा ब्लेड दोघांना वापरल्यानं, जत्रेतल्या गोंदणाच्या सुईतून, दात घासायच्या ब्रशवरून. वाळलेल्या रक्तात हा विषाणू निदान सात दिवस टिकतो, म्हणून वस्तरा पुसून चालत नाही. २००९ साली गुजरातेत मोडासा भागात जी बीची साथ आली ती एकदा वापरलेल्या सुया-सिरिंजा पुन्हा वापरल्यामुळे आली, बरीच माणसं गेली. इंजेक्शन घेताना पाकीट समोर फोडायला सांगायची लाज वाटू देऊ नका. आणि गोळीनं भागत असेल तर इंजेक्शनचा हट्ट धरू नका. ही आपल्याकडची फार वाईट सवय आहे.

बीची गंमत नव्हे, क्रूरपणा असा: मोठेपणी झाला तर शंभरातले पंच्याण्णवच्या वर लोक त्याला शरीराबाहेर काढतात. जन्मताना झाला तर नव्वद टक्के बाळांत तो कायमचा राहतो आणि त्यातल्या काहींचं मोठेपणी यकृत निबर होतं किंवा कर्करोग होतो. म्हणून पहिली लस जन्मल्यापासून चोवीस तासांत, आणि नंतर दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्र लसीतून. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या अहवालात भारतात २०२२ साली बी असलेले २.९८ कोटी आणि सी असलेले ५५ लाख लोक धरले आहेत. बहुतेकांना स्वतःला माहीत नाही.

ऱ्हाइनकाठी

जर्मनीतून. इथे ई म्हटलं की डॉक्टर पाण्याचं विचारत नाहीत, डुकराच्या मांसाचं विचारतात. इथला ईचा प्रकार वेगळा आहे, डुकरांत आणि रानडुकरांत राहणारा, अर्धकच्च्या मांसातून माणसात येणारा. इथे पावावर कच्चा खिमा खायची पद्धत आहे. आपल्याकडचे जे प्रकार साथी आणतात ते माणसांतच फिरतात. सुट्टीत गावी येण्याआधी आम्ही सगळ्यांनी एची लस घेतली. ईची लस चीनमध्ये आहे, इथे मिळत नाही.

सांजवात

सीबद्दल कुणी लिहिलं नाही. माझ्या भावाला लहानपणी अपघातानंतर रक्त चढवलं होतं, रक्तपेढ्यांत सीची तपासणी सुरू होण्याआधीची गोष्ट. चाळिशीत सी निघाला. सीला लस नाही, पण औषध आहे: रोज गोळी, बारा आठवडे. तो पूर्ण बरा झाला. जिल्हा रुग्णालयात तपासणी आणि औषधं दोन्ही मोफत मिळाली. २०१८ साली २८ जुलैला केंद्रानं हिपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केलाय त्यात. बीची औषधंही त्यातच मिळतात. अनामिकताई, तुमच्या भावंडांनाही तपासून घ्या.

अनामिक१९

धाकट्या भावाची उद्या करतोय. आईनं स्वतःहून त्याला फोन केला.

माजघर

एक शेवटचं. आमच्याकडे कँडलचा फिल्टर आहे. तो चालेल ना?

जुना ग्रामसेवक

विषाणूला नाही. कँडलची छिद्रं त्याच्यासमोर दरवाज्याएवढी. साथ असेपर्यंत पाणी खळखळून उकळा आणि त्याच भांड्यात झाकून गार होऊ द्या. इंधन परवडत नसेल तर आशाताईंकडून मेडिक्लोरची (क्लोरीनच्या द्रावणाची) बाटली घ्या, बाटलीवर लिहिलंय तेवढेच थेंब टाका आणि अर्धा तास थांबा. उसाच्या रसातला बर्फ, पाणीपुरीचं पाणी हे सगळं नंतर.

नदीकाठची

आमच्याकडचं सांगते. तारखांचा कागद केला. अकरा घरं, सोळा माणसं. गिरणीवाल्या काकूंनी स्वतः दारोदार फिरून विचारलं. आणखी दोघी गरोदर आहेत, त्या दोघींना माहेरी पाठवलं. कागद आरोग्य केंद्रात दिला, मग सोमवारी दोन माणसं आली आणि त्यांनी गल्लीच्या तोंडाशी खणलं. आमची जोडणी गटाराच्या भिंतीतूनच गेलेली आहे, सांध्याला बोटभर फट. ती नळी बदलली.

काल आणि परवा ओटीचे थेंब टाकले तर पाणी पांढरंच. आज सकाळी सव्वासहाला वहिनी पहिल्यांदा ओट्यावर येऊन बसली होती. शेवटच्या घराच्या नळाला पिवळा रंग आला. फिकट आहे. उद्या पुन्हा बघणार.